ताट फिरतंय, लाइट लागतोय, दूध मात्र गारच

(जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ. गुड मॉर्निंगची फुलं वगळली आहेत.)

ए-१०४ ताई: मायक्रोवेव्ह दुरुस्तीवाल्याचा नंबर आहे का कुणाकडं? ताट फिरतंय, आत लाइट लागतोय, पण दोन मिनिटं ठेवूनही दूध गारच.

सी-३०२ काका: नवीन घेऊन टाका. रिपेरीत पैसे घालवू नका.

ए-१०४ ताईंचा मुलगा: नंबर नको. मी व्हिडिओ बघितलाय. मागचं कव्हर काढलंय, आता मीटर लावतो.

बी-२०१ अण्णा: थांब बाळा. आत हात घालू नको.

ए-१०४ ताईंचा मुलगा: प्लग काढलाय की अण्णा. करंट कुठनं येणार?

बी-२०१ अण्णा: तिथंच माणूस फसतंय. आत कपॅसिटर असतोय, प्लग काढल्यावरबी चार्ज धरून बसतोय. चार्ज उतरवायला त्याच्या पोटात एक रेझिस्टन्स असतोय, पण तो गेला असला तर बाहेरनं काय कळत नाही. पंख्याचा कपॅसिटर समजू नको. इथं ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्ट काढतोय आणि डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देतोय तो) आणि कपॅसिटर मिळून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीला, चार हजाराच्या आसपास देतात.

बी-२०१ अण्णा: आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नको. हा झटका ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा. ईएलसीबीला पत्ताबी लागत नाही, तो ट्रिप होणार नाही.

ए-१०४ ताई: अरे देवा. कव्हर लाव आधी! 😡

सी-१०३: आज पाणी येणार का?

अ‍ॅडमिन: सांगितलं ना, उद्या. विषय बदलू नका.

बी-२०१ अण्णा: कव्हर लाव, सगळे स्क्रू घट्ट कर. एक्स्टेंशन बोर्ड नको, भिंतीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लाव. कपभर पाणी आत ठेव, रिकामा चालवू नको. मिनिटभर लाव आणि आवाज रेकॉर्ड करून इथं टाक.

ए-१०४ ताईंचा मुलगा: 🎤 ०:४१

ए-१०४ ताईंचा मुलगा: पाणी कोमटसुद्धा नाही. चांगल्या ओव्हनला मिनिटात हात लावायला भीती वाटली पाहिजे ना?

बी-२०१ अण्णा: बरोबर. आता आवाज ऐका सगळ्यांनी. आधी नुसता ओव्हनच्या आतल्या पंख्याचा, मग घर्रर्र करून जड गुरगुरणं. नेहमी असा येतो का?

ए-१०४ ताई: नाही हो, आधी बारीक हुंकार यायचा. आता किचनची ट्यूबपण मंद होते.

बी-२०१ अण्णा: मग निम्मं काम झालं. नुसता पंख्याचा आवाज असता तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत करंटच जात नाही म्हणायचं, म्हणजे दाराचा स्विच नाहीतर बोर्डावरचा रिले (करंट चालू-बंद करतोय तो). हा गुरगुरतोय म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर लोड पडतोय, पण पुढं कुठंतरी शॉर्ट आहे. डायोड, कपॅसिटर नाहीतर मॅग्नेट्रॉन. डायोड असला तर स्वस्तात सुटलात. आता परत चालवू नका, प्लग काढून ठेवा. आणि डायोड साध्या मीटरनं तपासायला जाऊ नको, चांगला असला तरी दोन्हीकडनं बंद दाखवतोय.

बी-२०३ काकू: आमच्यात तर ठिणग्या उडतात अण्णा! आतल्या भिंतीवर काळा डाग पडलाय.

बी-२०१ अण्णा: उजवीकडं पुठ्ठ्यासारखा चौकोन आहे, त्याच्यावर का?

बी-२०३ काकू: हो, तिथंच. शेंगा चटणीला दाणे त्यातच भाजते मी.

सी-३०२ काका: शेंगा चटणी आणि मायक्रोवेव्हमध्ये? सोलापूरचं नाव घालवलं काकू 😂

बी-२०३ काकू: खाताना बोलला नाहीत ते.

बी-२०१ अण्णा: तो पुठ्ठा नाही, मायका, म्हणजे अभ्रक. त्याच्यामागनं लहरी येतात. दाण्याचं तेल उडून त्यावर बसलं की जळतंय, कोळसा होतोय, आणि कोळशावर ठिणगी. प्लग काढून ओल्या फडक्यानं आतनं पुसा. मायका जळला असला तर नवा शीट आणून जुन्याच्या मापानं कात्रीनं कापून बसवायचा, हे तुम्हाला बाहेरनं जमतंय. साधा पुठ्ठा लावू नका, पेटेल. खालचा पत्रा रंग उडून उघडा पडला असला तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

ए-२०२ दादा: आमचा मध्ये अगदीच बंद पडला होता. फ्यूज गेला. वॉचमननं तांब्याची तार बांधून दिली, मस्त चालतोय.

बी-२०१ अण्णा: आत्ता बंद करा तो. आत्ताच्या आत्ता.

बी-२०१ अण्णा: दाराला एक स्विच नसतोय. दोन स्विच दार उघडलं की लाइन तोडतात, आणि तिसरा त्यांच्यावर पाळत ठेवतोय. पहिल्यांचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतोय, म्हणजे दार उघडं असताना ओव्हन चालू राहू नये. तुम्ही तार बांधून तो पहारेकरीच झोपवलाय. दार उघडताना चालू राहिला तर आधी डोळ्याला आणि हाताला झळ बसेल.

ए-२०२ दादा: काढली. वॉचमनला सांगतो.

सी-१०३: (फॉरवर्डेड) मायक्रोवेव्हमधलं अन्न म्हणजे विष...

अ‍ॅडमिन: डिलीट करा. या ग्रुपवर अण्णा आहेत.

(संध्याकाळी ६.१०)

ए-१०४ ताई: आसरा चौकाकडचे मेकॅनिक आले होते. डायोडच शॉर्ट! नवा बसवून साडेपाचशे घेतले. कपॅसिटर, मॅग्नेट्रॉन ठीक आहेत म्हणाले. दूध उकळून उतू गेलं.

बी-२०१ अण्णा: कव्हर काढल्यावर पहिलं काय केलं त्यानं?

ए-१०४ ताईंचा मुलगा: प्लग काढला, थोडं थांबले, मग मुठीला इन्शुलेशन असलेल्या टोकानं कपॅसिटरचा चार्ज उतरवला. दोनदा. एक हात खिशात होता.

बी-२०१ अण्णा: मग माणूस शिकलेला आहे, नंबर ग्रुपवर पिन करा. अर्थिंग बघितलं का सॉकेटचं?

ए-१०४ ताईंचा मुलगा: ते नाही बघितलं.

बी-२०१ अण्णा: आपल्या बिल्डरनं निम्म्या घरात अर्थची तार नुसती आत दुमडून ठेवलीय. जेवण झालं की टेस्ट लॅम्प घेऊन येतो. तोवर चालू ओव्हनला ओला हात लावू नका.