विषय: फार लक्ष न घालता गुंतवणूक – जर्मनीत नेमकं काय घ्यायचं?

नमस्कार मंडळी,
टागेसगेल्डवर (केव्हाही पैसे काढता येणारं व्याजी खातं) 30,000 युरो पडून आहेत, दरमहा 750 बाजूला पडतात. पंधरा वर्षं हात लावायचा नाही. अमेरिकेचा व्हीटीआय (तिथल्या समभागांचा ईटीएफ, म्हणजे शेअरबाजारात मिळणारा निर्देशांक फंड) घ्यायला गेलं की ब्रोकर ऑर्डर नाकारतो, आणि बाकीच्या ईटीएफची यादी संपतच नाही. जाणकारांनी सांगावं.
– अ., ड्युसेलडॉर्फ

नमस्कार,
यात ब्रोकरचा दोष नाही. 2018 पासून युरोपीय संघात सामान्य गुंतवणूकदाराला फंड विकायचा तर ठरावीक नमुन्यातलं माहितीपत्रक लागतं. अमेरिकी ईटीएफ ते काढत नाहीत. तेव्हा युसिट्स (युरोपीय नियमांनुसार काढलेला) ईटीएफच घ्या, आणि आयएसआयएन (फंडाचा ओळख क्रमांक) ‘आयई’ने सुरू होणारा, म्हणजे आयर्लंडचा घ्या. अमेरिकी कंपन्यांच्या लाभांशावर आयरिश फंडाकडून 15 टक्के कापले जातात, लक्झेंबर्गच्या फंडाकडून साधारणपणे 30. हा फरक टीईआरमध्ये (फंडाच्या वार्षिक खर्चात) दिसत नाही, त्यामुळे नुसता टीईआर बघून निवड करणारे फसतात.

फंड एकच पुरे: एफटीएसई ऑल-वर्ल्ड किंवा एमएससीआय एसीडब्ल्यूआय या जगभरच्या समभागांच्या निर्देशांकावरचा. एमएससीआय वर्ल्डच्या नावावर जाऊ नका, त्यात फक्त विकसित देश आहेत. भारत, चीन, तैवान नाहीत. ऑल-वर्ल्डमध्ये भारत आहेच, वर वेगळा भारत फंड कशाला? अमेरिकेचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे म्हणून कुरकुर होते, पण बाजारच तसा आहे. फंड डॉलरमध्ये दिसतो की युरोमध्ये, याने काही बिघडत नाही. आतले समभाग तेच.

दुसरा भाग टागेसगेल्ड. सहा महिन्यांचा खर्च तिथेच राहू द्या. दर बँकेमागे 1,00,000 युरोपर्यंत ठेवीला संरक्षण आहे. रोखे फंड घ्यायचाच असेल तर आधी ड्युरेशन (व्याजदर बदलला की भाव किती हलतो याचं माप) बघा. ती सात वर्षं असेल तर व्याजदर एक टक्का वाढताच भाव साधारण सात टक्के पडतो. 2022 मध्ये ‘सुरक्षित’ म्हणून रोखे घेतलेल्यांना हे चांगलंच कळलं.

आता गाडी कुठे अडते ते. श्पारप्लानमध्ये (दरमहा ठरावीक रकमेची आपोआप खरेदी) युनिटचे तुकडे जमा होतात. डेपो (समभाग-फंड ठेवायचं खातं) दुसऱ्या बँकेत हलवताना पूर्ण युनिटच जातात, तुकडे विकावे लागतात. एकरकमी खरेदी असेल तर झेट्रा (जर्मनीचा मुख्य शेअरबाजार) चालू असताना, सकाळी 9 ते संध्याकाळी 5:30 मध्ये, लिमिट (जास्तीत जास्त भाव) लावून करा. रात्री ॲपवर खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर रुंदावतं.

प्रमाण बिघडलं तरी विकू नका. ठरवलेले 80 टक्के समभाग वाढून 86 झाले, तर काही महिने ते 750 टागेसगेल्डकडे वळवा. विक्रीत सर्वांत जुनी युनिट आधी गेली असं धरतात. नफा त्यांच्यातच जास्त, म्हणून करही जास्त.
– स., म्युनिक

सगळ्यांना नमस्कार,
लाभांश आतच गुंतवणारा फंड घेतला तर कर शेवटीच ना? आणि पुण्यात जुनी म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू आहे, ती तशीच ठेवावी का?
– दि., हॅम्बुर्ग

दि. काका,
नाही, थोडा कर दरवर्षी भरावा लागतो. फंडाचं ठरावीक उत्पन्न दरवर्षी झालंच असं धरून तो लावतात, त्या उत्पन्नाला फोरआबपाउशाले म्हणतात. 1 जानेवारी 2025 ला फंडात 20,000 युरो असतील, तर त्या वर्षीचा आधारदर (सरकारने जाहीर केलेला) 2.53 टक्के, त्याचे 70 टक्के, म्हणजे 354.20 युरो. फंड त्या वर्षी त्याहून कमी वाढला तर तेवढीच वाढ धरतात. समभाग फंड म्हणून यातले 30 टक्के वगळले की 247.94 करपात्र. सोलीसह (करावरचा अधिभार) 26.375 टक्क्यांनी कर 65.39 होतो, तोही माणशी 1,000 युरोची सूट वापरून झाली असेल तरच. यासाठी बँकेत फ्रायश्टेलुंग्सआउफ्त्राग (सूट लावा असं सांगणारा अर्ज) भरलेला हवा, नाहीतर सूट असूनही कापलं जातं. कापणी पुढच्या जानेवारीत होते, त्यामुळे तेव्हा खात्यात थोडी रोकड असू द्या.

पुण्याच्या एसआयपीची गोष्ट वेगळी. तो फंड जर्मन बँकेकडे नाही, म्हणून हाच हिशोब दरवर्षी युरोत मांडून करविवरणाच्या आनलागे काप-आयएनव्ही (KAP-INV) या फंडांच्या जोडपत्रात तुम्हीच भरायचा. 30 टक्क्यांची सूट हवी तर फंडात समभाग 50 टक्क्यांच्या वर असल्याचा कागद हाताशी लागतो. रक्कम लहान असेल तर हा व्याप परवडत नाही. मी तरी एसआयपी थांबवून तोच पैसा इथल्या श्पारप्लानमध्ये टाकायला सांगेन. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत करपात्र आहे, ते आनलागे काप या जोडपत्रात दाखवा. आणि तिथलं बचत खातं अजून निवासीच असेल तर ते आधी एनआरओ (अनिवासी भारतीयाचं साधं रुपयातलं खातं) करून घ्या, फंडाच्या केवायसीतही अनिवासी दर्जा लावा.
– मे., फ्रँकफर्ट