गच्चीवरची तार

सोसायटी ग्रुप, औसा रोड, लातूर
मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

सेक्रेटरी भाऊ, ए-२०१ (सकाळी ८.१०)
सर्वांना नमस्कार. गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत कुणीतरी तार ताणून बांधली आहे. तक्रार आली आहे. आज अष्टमी, खाली चिखल असल्यामुळं गरबा गच्चीवरच घेणार आहोत. ज्यांची तार असेल त्यांनी दुपारपर्यंत काढून घ्यावी.

बी-१०३
तक्रार मीच केली. हिची साडी अडकून फाटली. अन् तार इतकी खाली बांधतं का कुणी? डोक्याला लागायली.

सी-२०१ माई
साड्या वाळायल्यात तरी कुठं बाबा. आठ दिवस झाले, ऊनच नाही.

बंटी, ए-४०३
केबलवाल्याची असेल 😂

ए-१०२ सर
तार माझी आहे. हॅम रेडिओची अँटेना. परवानगी न विचारता बांधली, ती चूक कबूल. दोन-चार दिवस राहू द्या, ही विनंती.

बी-१०३
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हौस आपापल्या गॅलरीत करावी. पाऊस, विजा चालू आहेत. वीज तारेवर पडली तर? अन् रेडिएशनचं काय?

बंटी
सर हॅम रेडिओ म्हणजे ते वॉकीटॉकी का

ए-१०२ सर
तसंच समज. पण सरकारचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते. परवाना मिळाला की व्हीयू टू नाहीतर व्हीयू थ्रीनं सुरू होणारं स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. पैसे घेऊन काम करायचं नाही, निव्वळ नाद. आकाश गडगडलं की मी वायर सेटपासून काढून ठेवतो. रेडिएशनचं म्हणाल तर मी बोलतो तेवढाच वेळ ती लहरी सोडते, दिवसातून पंधरा-वीस मिनिटं.

बी-१०३
पंधरा मिनिटं बोलता काय पण? फोन आहे ना हातात.

बी-३०४ वहिनी
दादा, याचं उत्तर मी देते, जरा लांबेल. पोळ्या झाल्यात, वेळ आहे.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलजवळ राहतो. डोंगराळ गाव. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळं हरिकेन म्हणजे किनाऱ्यावरच्यांचं दुखणं असंच तिथल्यांना वाटायचं. आपण नाही का, चक्रीवादळ म्हणलं की कोकणाकडं बोट दाखवतो. मागच्या वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन नावाचं हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पाऊस या डोंगरांवर. आधीच दोन दिवस पाऊस चालू होता. १९१६ साली तिथं मोठा पूर आला होता, म्हातारी माणसं त्याच्याच गोष्टी सांगायची. हा पूर त्याच्याही वर गेला. रस्ते वाहून गेले, लाईट गेली, अन् एकाही कंपनीचा मोबाईल चालेना.

इकडं मी अन् आई फोन लावायलोत, लागतच नाही. टीव्हीवर पाण्यात तरंगणारी घरं दिसायलीत. तीन दिवस आईनं जेवण सोडलं.

भावाला हा रेडिओचा नाद दोन वर्षांपूर्वी लागला होता. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं लावला. मी त्याला कितीदा हसलेय. आठवड्यातून एकदा ही मंडळी ठरल्या वेळी एकेकाची हजेरी घ्यायची. "आलो", "हवा बरी आहे", "टोमॅटो लागलेत", एवढंच बोलून बंद. मी म्हणायचे, याला काय अर्थ आहे रे?

तर तिथं माउंट मिचेल म्हणून डोंगर आहे, २,०३७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. त्याच्या माथ्यावर यांचा रिपीटर आहे, १४५.१९ मेगाहर्ट्झचा. हातातल्या छोट्या सेटचा आवाज दरीतून बाहेर पडत नाही, रिपीटर तो माथ्यावर झेलतो अन् दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर लांबवर फेकतो. सगळं पडलं अन् हा तेवढा चालू राहिला. आधी हजेरी झाली, कोण बोललं अन् कोण नाही. जे बोलले नाहीत त्यांच्याकडं जवळचा सभासद चालत गेला. भावाच्या घरावर झाड पडलं होतं. चौथ्या दिवशी त्याच क्लबातले दोघं करवत घेऊन आले, भावानं त्यांना तोवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. एकाचं स्वतःचं तळघर पाण्यात होतं. सोबत पेट्रोल अन् चार्ज केलेली बॅटरी.

त्यांनीच निरोप पाठवला. त्यांच्यात निरोपाचा ठरलेला कागद असतो, पंचवीस शब्दांच्या आत बसवायचा. तो रेडिओवरून बाहेरच्या एका माणसाकडं गेला, त्यानं शार्लट शहरातल्या आमच्या नातेवाइकांना फोन केला, तिथून मला व्हॉट्सॲप. "सगळे सुखरूप. घराला झाड लागलं. पाणी नाही. आईला जेवायला सांगा."

सी-२०१ माई
🙏🙏

सेक्रेटरी भाऊ
वहिनी, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. पाण्याचं काय झालं मग?

बी-३०४ वहिनी
नळाचं पाणी पिण्याजोगं व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला. ५३ दिवस. भाऊ म्हणाला, ताई, तिथले लोक रडकुंडीला आले अन् मला लातूर आठवायलं.

बंटी
२०१६ मिरज टू लातूर वॉटर ट्रेन 😎

सी-२०१ माई
हसू नको रे. तू तेव्हा बालवाडीत होतास. आम्ही रात्री दोनला उठून घागरी भरल्यात.

बी-१०३
वहिनी, तुमचं वाईट वाटलं, खरंच. पण ती अमेरिका. इथं एनडीआरएफ आहे, सैन्य आहे, सॅटेलाईट फोन आहेत. परवा परंड्याकडं पुरातून हेलिकॉप्टरनं माणसं काढली, ती काय गच्चीवरच्या तारेनं?

ए-१०२ सर
नाही. तारेनं कुणी वाचलं असं मी म्हणणारच नाही. पण परंड्याचा विषय काढलात, तर तार का बांधली ते सांगतो.

आमची रोज सकाळी साडेसातला ७ मेगाहर्ट्झवर हजेरी असते. दहा-बारा जण, लातूर, बार्शी, नांदेड, बीड. वहिनींच्या भावासारखंच. पावसाचं, सोयाबीनचं, गुडघ्याचं. परंड्याकडं सीनेच्या काठी आमचा एक सभासद आहे, शेतकरी. घटस्थापनेला, २२ तारखेला, तो हजेरीला आला नाही. आठ वर्षांत गडी कधी चुकला नव्हता. मी त्या दिवशी शेतावर नव्हतो, अन् माझी जुनी तार शेतावर. रस्ता पाण्याखाली. बार्शीवाल्यानं फोन करून सांगितलं, तशी रात्री टॉर्च लावून गच्चीवर तार बांधली. परवानगी मागायला तुमच्या दारात यायचं सुचलंच नाही.

आता इतकी खाली का, तर ते मुद्दाम. तार उंच असली की आवाज लांब जातो, दुसऱ्या देशात. जमिनीजवळ असली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात अन् आकाशातल्या उंच थरावर आपटून आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पडतात. मला दिल्ली नको होती, परंडा पाहिजे होता.

बंटी
सर हे भारीये

सी-२०१ माई
सापडला का पण तो?

ए-१०२ सर
सापडला. बायकापोरांसह गावातल्या शाळेत होता. सेट, बॅटरी, कडबा, दोन म्हशी, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर बार्शीवाला आपला जुना सेट दुचाकीवर घेऊन गेला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला. शुक्रवारी साडेसातला हजेरी चालू असताना एकदम त्याचा आवाज. पहिलं वाक्य काय, तर "उशीर झाला, माफ करा." तेव्हापासून रोज बोलतो. काय लागतं ते सांगतो, आम्ही आपसात वाटून घेतो. नांदेडवाल्यांनी ताडपत्री दिली. बीडवाल्याच्या घरातच पाणी शिरलं होतं, त्यानं कडब्याचे पैसे पाठवले, नको म्हणलं तरी. गावात अजून टॉवर धड चालत नाही, म्हणून ही तार.

बी-१०३
हे आधी सांगायचं ना सर.

ए-१०२ सर
आधी साडी फाटली ना.

सी-२०१ माई
सर, एक विचारू का. आज तारीख कोणती आहे ते ध्यानात आहे ना. ३२ वर्षं झाली. माझं माहेर किल्लारीजवळचं. विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आत घरं झोपली. इथं लातुरात आम्हाला दोन दिवस काही कळंना, कोण आहे, कोण नाही. मग कुणीतरी सांगितलं की बाहेरून रेडिओवाली माणसं आलीत, त्यांच्या यंत्रावरून निरोप जायलेत. ते तुमच्यातलेच का?

ए-१०२ सर
हो माई, हॅमवालेच. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नवाच होतो. आमच्या लाईनी तुटलेल्या अन् ही माणसं झाडाला तार बांधून, गाडीच्या बॅटरीवर बसलेली. मला लाज वाटली अन् नाद पण तिथंच लागला.

पुढं २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई अंदमानात होत्या, हौसेसाठीच गेलेल्या. तिथून जगभर बोलायचं, जास्तीत जास्त देश मोजायचे, असा आमच्यात खेळ असतो. २६ डिसेंबरला पोर्ट ब्लेअर हादरलं, तसा त्यांनी खेळ सोडला अन् निरोप द्यायला बसल्या.

सी-२०१ माई
माझ्या चुलत्याचा निरोप आला होता. बाकीच्यांचा नाही आला.

(बराच वेळ ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.)

सेक्रेटरी भाऊ (११.४०)
ठरवू या. तार दिवाळीपर्यंत राहील, नंतर सर्वसाधारण सभेत विषय घेऊ. गरब्याला तारेवर लाल ओढण्या बांधा म्हणजे पोरांना दिसेल. स्पीकर दुसऱ्या कोपऱ्यात. कपड्याच्या दोऱ्या टाकीच्या पलीकडं सरकवतो.

बी-१०३
माझी हरकत नाही. पण सभेत विजेचा मुद्दा मी काढणार, आत्ताच सांगतो.

ए-१०२ सर
काढा. अर्थिंगची तांब्याची पट्टी मी माझ्या खर्चानं टाकतो.

सी-२०१ माई
सर, उद्या सकाळी किती वाजता म्हणालात?

ए-१०२ सर
साडेसात. सेट घरातच आहे, गच्चीवर चढायचं काम नाही. चहा इथंच घ्या.

बंटी
मी पण येतो

बी-१०३
अन् साडीचं काय?

ए-१०२ सर
गंजगोलाईत माझा एक रफूवाला आहे. तुमच्या घरी म्हणावं, खाली पाठवून द्या.

बी-१०३
काठपदराची आहे. नीट बघून द्या.