लेआर्टिस नसता तर हॅम्लेटचं काय अडलं असतं?

तिसरी घंटा : शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकातल्या लेआर्टिसला उगाच भाव दिला जातो. त्याला स्वतःचं असं काहीच नाही. बाप मारला गेलाय, सूड घ्यायचाय, हॅम्लेटचंही तेच. तिसऱ्या अंकात क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटच्या बापाला मारून राजा झालेला त्याचा काका, गुडघे टेकून प्रार्थना करतोय, मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा, आणि मारत नाही. चौथ्या अंकात तोच क्लॉडियस लेआर्टिसला विचारतो, सूडासाठी तू काय करशील? हा म्हणतो, चर्चमध्येसुद्धा हॅम्लेटचा गळा चिरीन. झालं की! नायकाची चालढकल उठून दिसली, याचं काम संपलं.

विंगेतून : संपलं कुठे? हॅम्लेटशी शेवटच्या द्वंद्वात विषारी तलवार हातात असताना तो पुटपुटतो, हे जवळजवळ माझ्या मनाविरुद्धच चाललंय. नुसत्या आरशाला मन कशाला लागतं? आणि हॅम्लेट थांबला तो काही दया येऊन नव्हे. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल, म्हणून थांबला! शिवाय लेआर्टिसच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या बापाला हॅम्लेटनेच मारलंय. त्याच्या गोष्टीतला क्लॉडियस म्हणजे हॅम्लेटच.

तिसरी घंटा : स्वर्गाचा मुद्दा मान्य. पण मनाविरुद्ध म्हणत म्हणत वार केलाच ना?

प्रॉम्प्टर : मध्ये बोलतो. इंग्रजीत अशा पात्राला 'फॉइल' म्हणतात. फॉइल म्हणजे खेळायची बोथट तलवार, आणि खडा झळकावा म्हणून त्याच्याखाली बसवतात तो चकचकीत पत्राही. द्वंद्वाआधी हॅम्लेट नेमका यावर श्लेष करतो : लेआर्टिस, मी तुझा फॉइल होतो, माझ्या अडाणीपणापुढे तुझं कसब चमकेल. म्हणजे पत्रा व्हायची तयारी नायक दाखवतोय! लेआर्टिसला वाटतं, हा चेष्टा करतोय. आणि लगेच तो समोरच्या बोथट तलवारींतून ती एकच धारदार उचलतो. पहिली हाताला जड लागते, असं निमित्त काढून. मला तर दर वेळी तो हातच दिसतो.

विंगेतून : मरताना तोच हात तो हॅम्लेटपुढे करतो आणि माफी मागतो, तेही धरा.

तिसरी घंटा : बरं, धरलं. पण लेआर्टिसवर स्वतंत्र नाटक लिहून दाखवा. तो सुरुवातीलाच पॅरिसला निघून जातो, म्हणजे पहिला अंक पॅरिसमध्येच रेंगाळेल.

विंगेतून : रेंगाळेल कसा? बापाने मागे हेर पाठवलाय!