मदत हवी आहे: मठातल्या जुन्या रंगीत काचांचा काळ कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी, मी यॉर्कशायरमध्ये आर्किऑलॉजी शिकतेय. इथल्या एका सिस्टर्शियन (ख्रिस्ती संन्याशांचा एक पंथ) मठाच्या अवशेषांतले काचेचे 40 तुकडे प्रोजेक्टसाठी मिळालेत. असे मठ इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने 1536 ते 1540 मध्ये बंद केले, खिडक्यांतल्या काचा जोडणारं शिसं वितळवलं आणि काचा मातीत गेल्या, त्यामुळे बऱ्याच तुकड्यांवर तपकिरी खपली धरलीय, लाकडाच्या राखेतलं पोटॅश असलेली काच ओलाव्यात अशीच सडते. एक तुकडा उजेडासमोर धरला तर बारीक आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीवर तीन पाकळ्यांचं पान दिसतं, कडा चिमट्याने कुरतडल्यासारख्या, म्हणजे 13वं शतक वाटतं. पण त्याच पिशवीतल्या दुसऱ्यावर चांदीच्या क्षाराने भाजून आणलेला पिवळा रंग आहे, आणि तो तर इंग्लंडात 14व्या शतकाच्या सुरुवातीला आला! मग एकाच खिडकीची नंतर दुरुस्ती झाली असेल की दोन वेगळ्या खिडक्या? हँडहेल्ड एक्सआरएफ (क्ष-किरणांनी काचेतली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) खपलीवरूनच रीडिंग घेतं, आतल्या काचेचं नाही, आणि खपली खरवडायची माझी अजिबात तयारी नाही, तिच्याखालीच रंगाची रेघ असू शकते. कोणी असं काम केलंय का? प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू?