बिदागी, मानधन, सेवा : गाण्यापुढे कोणता शब्द लिहावा?

प्रश्न : गावच्या उत्सव मंडळाचा जमाखर्च लिहिताना भजनी मंडळापुढे आम्ही ‘सेवा’ लिहितो, कीर्तनकारांपुढे ‘बिदागी’, तबलजीपुढे ‘मानधन’ आणि वडशाच्या नाटक कंपनीपुढे ठरलेला दर. हे केवळ रूढीचे शब्द आहेत, की त्यांमुळे ऐकणाऱ्याला गाण्याचे मोलही कमी-अधिक वाटते?

उत्तर १ : वाटते, आणि ते रकमेपेक्षा ती केव्हा व कोणी ठरवली यावर अधिक अवलंबून असते. ‘बिदागी’ म्हणजे निरोप देताना दिलेले देणे. आधी ऐकायचे, मग द्यायचे, आणि आकडा देणाऱ्याच्या मनाचा. २००७ साली रेडिओहेड या इंग्रज बँडने आपली नवी गाणी ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून इंटरनेटवर ठेवली, तेव्हा आकडा श्रोत्यानेच ठरवायचा होता. पण तो गाणी उतरवून घेण्यापूर्वी भरायचा होता आणि शून्यही चालत होते, म्हणून तिला बिदागी म्हणता येणार नाही. ‘दर’ याच्या उलट. ॲपलने २००३ साली गाण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले तेव्हा एकेका गाण्याला सरसकट ९९ सेंट घेतले. प्रत न पाहता सगळ्या कापसाला एकच भाव लावावा तसे ते होते. २००९ मध्ये ६९, ९९ आणि १२९ सेंट असे तीन दर झाले, आणि गाणे ऐकण्याआधीच किंमत त्याची प्रतवारी सांगू लागली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शून्याचा प्रश्न. गुरुदेव सेवा मंडळाचे भजनी रात्रभर खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणतात आणि पैसा घेत नाहीत, तरी त्या भजनाला कोणी ‘फुकटचे’ म्हणत नाही, कारण ‘सेवा’ या शब्दात देणाऱ्याचे कष्ट दिसतात. ‘फुकट’ म्हटले की नजर घेणाऱ्याच्या फायद्यावर जाते आणि लोक मधूनच उठून जातात. त्याच गावातली माणसे दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला तिकीट काढून कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत बसतात. म्हणून फलकावर ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिल्यास खर्च कोणी उचलला, तेही खाली अवश्य लिहावे.

उत्तर २ : वरील विवेचन पटते, परंतु ‘मानधन’ या शब्दाविषयी सावध राहावे. अंगणवाडी सेविकांना जे मिळते त्यालाही मानधनच म्हणतात. मान पुढे केला की धन थोडे असले तरी चालते, असा या शब्दाचा व्यवहारात उपयोग होत आला आहे. तबलजी रात्रभर वाजवतो, येण्याजाण्याचा खर्च सोसतो. त्याच्यापुढे ‘मेहनताना’ लिहावे आणि आकडा बोलावतानाच ठरवावा.