ताप अंगावर काढू नका, हिरड्या बघा
'कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर दहीभात द्या, आपोआप सुधारतो' हा सल्ला पोट बिघडलं असेल तर एक वेळ ठीक. पण ज्या कुत्र्याच्या अंगावर गेल्या महिन्याभरात गोचीड दिसली आहे, त्याच्या बाबतीत थांबू नका.

गोचीड तापात (एर्लिकिया) रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरतात आणि बाहेरून फक्त मरगळ दिसते. ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी पांढुरकी असेल, पोटाच्या उघड्या कातडीवर लाल-जांभळे बारीक ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी कॉफीसारखी गडद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ततपासणी करून घ्या. वेळेत निदान झालं तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस देतात. चार दिवसांत शेपूट हलायला लागली म्हणून गोळ्या बंद करणारे महाभाग आहेत, त्यांच्यासारखं करू नका.

थर्मामीटर गुदद्वारातच लावायचं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. नाक गरम-गार असण्यावर काही ठरत नाही. आणि कृपा करून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

मोठ्या जातीचा कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण काहीच पडत नाही आणि पोट फुगलंय, तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पोटाला पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात.