कातालिन करादी: नटी मोठी की दंतकथा मोठी?

तिसरी घंटा:
हंगेरीच्या जुन्या सिनेमाचा विषय निघाला की कातालिन करादीचं नाव आधी येतं, आणि तिच्या एका तरी भूमिकेबद्दल बोलणं होण्याआधी गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, कोठडी आणि वाचवलेली ज्यू मुलं यांवर गाडी घसरते. माझं मत असं की बाई विलक्षण धाडसी होती, नटी म्हणून मात्र बेताची. पहिल्याचे गुण दुसऱ्याच्या खात्यात जमा करू नयेत.

१९१० साली बुडापेस्टच्या कोबान्या या कामगारवस्तीत, जोडे शिवणाऱ्याच्या गरीब घरात तिचा जन्म झाला. एड्येद झोल्तान या पत्रकारानं तिला हेरलं, करादी हे नाव दिलं आणि तिचा डंका पिटला. १९३९च्या डिसेंबरात 'हालालोश तावास' (जीवघेणा वसंत) लागला आणि ती देशभर गाजली. पुढच्या पाचेक वर्षांत वीसेक चित्रपट. त्यांतले कुठलेही चार पाहा: त्याच कोरीव भुवया, तेच अर्धमिटले डोळे, तोच खर्जातला आवाज. 'माचिता'मध्ये ती हंगेरीच्या शस्त्राचं गुपित चोरायला आलेली हेर आहे. तिथेही ती हेर वाटत नाही, करादीच वाटते. नाटकांतली तिची कामं तर कुणाला आठवतही नाहीत.

नटी बघायची तर बायोर गिझी बघा. १९१४ पासून राष्ट्रीय नाट्यगृहात, आणि शेवटपर्यंत रंगभूमीची.

जुनी रिळं:
बायोर 'बघा' म्हणजे कुठे बघू? तिचे चित्रपट मोजके, आणि जे नाटकात केलं ते पडदा पडला तेव्हाच संपलं. तिचं मोठेपण आपण दुसऱ्यांच्या शब्दावर मानतो. करादीचं काम निदान आज तपासता येतं, म्हणून तिच्यातले दोष दिसतात. हा न्याय झाला का?

शिवाय दंतकथेचाच आक्षेप असेल तर बायोरही सुटत नाही. तिनंही युद्धात ज्यू वंशाच्या नवऱ्याला आणि इतरांना वाचवलं. पुढे त्याच नवऱ्यानं, नाक-कान-घशाचा नामांकित डॉक्टर होता तो, मनाचा तोल जाऊन १९५१च्या फेब्रुवारीत तिला इंजेक्शन देऊन मारलं आणि स्वतःही जीव दिला. तिच्या बंगल्यात आज नटांचं संग्रहालय आहे. तिथे येणारा माणूस तिच्या अभिनयासाठी येतो की या गोष्टीसाठी, सांगा.

करादीचं म्हणाल तर 'वालामित विस ओ वीझ' पाहा. नदीतून वाचवलेली एक अनोळखी बाई कोळ्याच्या संसारात येते आणि घर विस्कटतं. ती जवळजवळ काहीच करत नाही. समोर यावोर पालसारखा तगडा नट असूनही नजर तिच्यावरच राहते.

विंगेतून:
काहीच न करणं हा अभिनय असेल तर सकाळच्या विरार लोकलमध्ये बसलेला प्रत्येक जण थोर नट आहे.

जुनी रिळं:
त्यांच्याकडे कुणी दीड तास बघत बसत नाही, विंगेतूनराव.

दुनाकाठचा:
मी नोकरीनिमित्त बुडापेस्टला असतो, म्हणून थोडं सांगतो. युद्धानंतर नव्या राजवटीला ती हॉर्थीच्या, म्हणजे युद्धकाळापर्यंत हंगेरीच्या राज्यप्रमुख असलेल्याच्या, काळाची खूण वाटली. १९४८चा चित्रपट शेवटचा ठरला आणि १९५१ मध्ये तिनं देश सोडला. तिची गाणी, चित्रपट दीर्घ काळ बाजूला पडले. म्हणजे एका अख्ख्या पिढीनं तिला न पाहताच तिच्याबद्दल ऐकलं. दंतकथा अशी वाढली. ती तिनं वाढवली नाही. साओ पाउलोत तिनं टोप्यांचं दुकान काढलं, १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेली, तिथेही टोप्याच केल्या. पुढे मायदेशातून बोलावणं आलं तेव्हा स्वतः न येता तिनं एक टोपी पाठवली, असं सांगतात. आली ती १९९० मध्ये, मृत्यूनंतर, बुडापेस्टमधल्या फार्कशरेतच्या दफनभूमीत. स्वतःचं वलय विकणारी बाई असं वागते का?

स्पष्टवक्ती:
सगळे एक गोष्ट गिळताय. ती उयसासी इश्त्वानची प्रेयसी होती, आणि तो लष्करी गुप्तहेरखात्याचा प्रमुख होता, नंतर राज्य सुरक्षेचा. त्या वर्तुळात राहून मिळालेल्या झगमगाटाचा हिशोब कोण करणार?

दुनाकाठचा:
ताई, त्याची किंमत तिनंच मोजली. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा घुसल्या, एप्रिलमध्ये गेस्टापोनं तिला दोस्तराष्ट्रांसाठी हेरगिरीच्या आरोपाखाली उचललं. तीन महिने मारहाण. सुटल्यावर घर लुटलेलं. एवढं झाल्यावर कुणीही गप्प बसलं असतं. तिनं मात्र त्याच वर्षी अ‍ॅरो क्रॉसवाले, म्हणजे हंगेरीतले नाझी, दुनाकाठी (म्हणजे आपल्या डॅन्यूबकाठी) लोकांना गोळ्या घालत होते, तेव्हा दागिने देऊन त्यांच्या हातून मुलं सोडवली आणि आपल्या घरात ठेवली. ज्यूंना वाचवणाऱ्यांना इस्रायलची याद वाशेम ही संस्था देते तो सन्मान मिळाला २००४ मध्ये, ती जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. उयसासी तर युद्धानंतर सोव्हिएतांच्या हाती पडला आणि पुढे नाहीसाच झाला.

स्पष्टवक्ती:
मुलांचं मान्य, त्यावर वाद नाहीच. पण १९४२-४३च्या त्या झगमगाटाचा प्रश्न तुम्ही १९४४च्या उत्तरानं झाकलात.

तिसरी घंटा:
दुनाकाठचे, तुमचा शब्दन् शब्द मान्य, आणि त्यातला एकही अभिनयाबद्दल नाही. माझं दुखणं नेमकं तेच.

उलट बाजू बघा. सेलेत्स्की झिता, करादीच्याच काळातली तारका, राष्ट्रीय नाट्यगृहातही काम केलेली. युद्धाच्या अखेरीस अ‍ॅरो क्रॉसच्या काळात सोव्हिएतविरोधी कविता म्हटल्या म्हणून १९४८ मध्ये तिच्या गैरहजेरीत तिला शिक्षा झाली. ती अर्जेंटिनाला गेली, तिथून अमेरिकेला. १९९३ मध्ये निकाल फिरवून तिला निर्दोष ठरवलं. आता, १९४८ मध्ये ती वाईट नटी होती आणि १९९३ मध्ये चांगली झाली? नाही ना? मग करादीलाही तोच नियम लावा.

जुनी रिळं:
नियम लावा की, आम्ही कुठे नको म्हणतो. तुम्हीच नाटकाचा नियम सिनेमाला लावून बसलात. त्या काळच्या नायिका गोड, उंच पट्टीत गायच्या. ही जवळजवळ पुरुषी आवाजात, गाणं म्हणण्यापेक्षा बोलल्यासारखं म्हणायची, आणि लोक वेडे व्हायचे. आवाजानं पात्र उभं करणं हा अभिनय नाही, हे कुठल्या नाट्यशाळेत शिकवतात? 'वालामित' आधी आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह पाहा, आणि मग बोला.

तिसरी घंटा:
तसाही पाहिलाय. आवाज बंद केला की तो यावोरचा चित्रपट होतो. मत कायम.